तळ्यातलं विचित्र रंगाचं बदक: पाळीव, संकर की आणखी काही?

प्रश्न असा आहे: मालवण तालुक्यातल्या एका तळ्यावर हळदीकुंकू बदकांच्या (कोकणात बारमाही राहणारं, पिवळ्या टोकाच्या चोचीचं जंगली बदक) थव्यात एक गडद तपकिरी बदक दिसतं. छाती पांढरी, डोक्यावर हिरवट झाक, चोचीचं टोक पिवळसर, आकाराने बाकीच्यांपेक्षा जरा थोराड. मोबाइलवरच्या ॲपने एकदा मॅलार्ड (हिरव्या डोक्याच्या नराचं जंगली बदक) सांगितलं, एकदा नकटा (पांढऱ्या डोक्याचं मोठं जंगली बदक). गावातले म्हणतात, कुणाचं तरी पाळीव असणार. सोबत तीन फोटो आहेत, तिन्ही समोरून काढलेले. आणि दुसरी शंका, खाजणात (भरतीचं पाणी येणारी खाडीकाठची जमीन) लांबून दिसलेल्या पूर्ण पांढऱ्या बदकाची.

आधी उत्तर देतो, मग कारणं. पहिल्या पक्ष्यात पाळीव बदकाचं रक्त आहे, हे जवळजवळ नक्की. ते निव्वळ पाळीव आहे की हळदीकुंकू आणि पाळीव यांचा संकर आहे, हे या फोटोंवरून ठरणार नाही, कारण एकाही फोटोत शेपूट आणि पंखाची आतली पिसं दिसत नाहीत. निकाल त्या दोन जागांवर लागतो. मॅलार्ड हे ॲपचं उत्तर अर्धं बरोबर आहे, नकटा साफ चूक.

रंग सगळ्यात शेवटी

असा पक्षी दिसला की आपण रंगाचं वर्णन करायला लागतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. पुस्तकातली चित्रं जंगली रंगांवर बेतलेली असतात, आणि पाळीव बदकात माणसाने नेमका रंगच बदललेला असतो. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी अंगाची ठेवण, मग चोच, पाय, शेपूट, पंख, आणि रंग अगदी शेवटी.

शक्यता चार असतात. पाळीव जात, दोन प्रजातींचा संकर, जंगली पक्ष्यातच असलेला रंगदोष, आणि चौथी, जी लोक हटकून विसरतात, ती म्हणजे पक्षी अगदी नेहमीचाच आहे, फक्त वय लहान आहे, पिसं बदलतोय किंवा अंगाला डाग लागलाय. कोकणात पहिली आणि चौथी शक्यता सगळ्यात जास्त वेळा खरी ठरते. संकर त्यानंतर. जंगली बदकातला खरा रंगदोष फारच क्वचित.

पाळीव बदकं मुळात दोनच प्रजातींपासून आली. एक मस्कोव्ही, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. बाकी झाडून सगळी मॅलार्डपासून. पांढरं पेकिन, अंड्यांसाठी पाळतात ते खाकी कॅम्पबेल, बाटली उभी ठेवावी तसं ताठ चालणारं इंडियन रनर, वाडीतलं काळंपांढरं गावठी बदक, ही सगळी मॅलार्डच. त्यामुळे ती आपसात बिनदिक्कत जोड्या जमवतात आणि दोन-तीन पिढ्यांत अशी सरमिसळ होते की जातीचं नाव लावण्याच्या भानगडीत पडूच नये. ‘पाळीव मॅलार्ड’ एवढी नोंद पुरे.

जंगली मॅलार्ड उत्तर भारतात हिवाळी पाहुणा म्हणून नेहमीचं आहे, कोकणात विरळाच. ते आलंच तर थंडीत येणार, उघड्या मोठ्या पाण्यावर, तलवार बदक किंवा थापट्यासारख्या पाहुण्यांच्या संगतीत, आणि माणूस दिसला की लांबूनच उठणार. भातलावणीच्या दिवसांत देवळाच्या तळीत हिरव्या डोक्याचं बदक पोहताना दिसलं तर ते पाळीवच धरा, चित्राशी कितीही तंतोतंत जुळत असलं तरी.

अंगाची ठेवण अशी पाहा. जंगली हळदीकुंकू ५८ ते ६३ सेंटिमीटर लांब आणि साधारण पाऊण ते दीड किलोचं असतं. खाकी कॅम्पबेल दोन किलोच्या आसपास, पेकिन साडेतीन-चार किलोपर्यंत जातं. हा सगळा जादा भार मागे आणि खाली असतो. जमिनीवर उभं राहिलं की पाळीव बदकाचं पोट पायांच्या मध्ये लोंबताना दिसतं, मान जाड, गाल भरलेले. पाण्यात मागचा भाग रुंद दिसतो. ही ठेवण फोटोतही लपत नाही, फक्त फोटो बाजूने हवा. समोरून घेतलेल्या फोटोत प्रत्येक बदक गुबगुबीत दिसतं.

उडता येतं की नाही, यावर मात्र भिस्त ठेवू नका. पेकिन आणि रनर उडत नाहीत म्हटलं तरी चालेल, खाकी थोडं फडफडतं, पण मस्कोव्हीची मादी सहज कौलांवर किंवा झाडावर जाऊन बसते आणि हळदीकुंकूशी झालेला संकर थव्याबरोबर व्यवस्थित उडतो. उलट, विणीनंतर जंगली बदकं पंखांची सगळी लांब पिसं एकदम टाकतात आणि तीन-चार आठवडे उडूच शकत नाहीत. पावसाळ्यानंतर गवतात दडून बसलेलं, न उडणारं हळदीकुंकू म्हणजे कुणाच्या घरचं बदक नव्हे.

पांढरी छाती कुठून येते

पिसांना काळा-तपकिरी रंग देणाऱ्या पेशी अंड्यातल्या भ्रूणात पाठीच्या बाजूने निघतात आणि शरीरभर पसरत जातात. त्या वाटेत कमी पडल्या तर सगळ्यात लांबच्या जागा कोऱ्या राहतात: छातीचा पुढचा भाग, हनुवटी, पंखांची टोकं, कधी पोट. पाळीव जनावरांत हे सर्रास दिसतं आणि बदकात त्याचं नेहमीचं रूप म्हणजे छातीवरचा पांढरा झबला. जंगली हळदीकुंकूमध्ये असा डाग कधीमधी अपघाताने येऊ शकतो, पण जवळपास पाळीव बदकं असतील तर पाळीव रक्त हेच साधं आणि बहुधा खरं स्पष्टीकरण. पंख पसरल्यावर टोकाची दोन-चार लांब पिसंही पांढरी निघाली तर शंका आणखी मिटते.

बाकीचे पाळीव रंगही ठरावीक आहेत. ते माहीत असले की ‘कुठली तरी दुर्मीळ प्रजाती’ हा भ्रम लवकर फिटतो. खाकी रंगाच्या बदकात सगळं अंग एकसारखं मातकट असतं आणि डोळ्यावरून जाणारी गडद रेघ नसते किंवा पुसट असते. जंगली मॅलार्ड, गॅडवॉल, तलवार बदक, थापट्या यांच्या माद्या लांबून अशाच तपकिरी वाटतात, पण जवळून पाहिलं तर प्रत्येक पिसाचा मधला भाग गडद आणि कड फिकट असते. खाकीत ती नक्षी जवळजवळ नसते. शिवाय खाकी रंग उन्हात झपाट्याने विटतो, त्यामुळे मे महिन्यात पाठ पेंढ्याच्या रंगाची झालेली असते आणि पंखाखाली झाकलेली पिसं मात्र गडद. एकाच पक्ष्याचे पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे फोटो दोन वेगळे पक्षी वाटावेत इतका फरक पडतो.

हा खाकी करणारा जनुक लिंगाशी जोडलेला आहे. खाकी नर आणि नेहमीच्या गडद रंगाची मादी यांची जोडी जमली तर पिल्लांपैकी सगळ्या माद्या खाकी निघतात आणि नर गडद. तळ्यावर एकाच वयाची अर्धी फिकट, अर्धी गडद पिल्लं दिसली की लोक दोन प्रजाती मिसळल्या म्हणतात. तिथे घडलंय ते एवढंच.

पूर्ण काळ्या बदकावर उन्हात हिरवी चमक येते. अशा काळ्या माद्यांच्या अंगावर वय वाढेल तशी दर वेळच्या पिसगळीनंतर पांढरी पिसं वाढत जातात, म्हणून काळंपांढरं बदक हे दरवेळी काळ्या आणि पांढऱ्या जोडीचं पिल्लू असेलच असं नाही. निळसर राखाडी बदक म्हणजे त्या काळ्याचाच पातळ झालेला रंग. डोक्यावर पिसांचा गोळा असलेली बदकंही पाळीवच. असा शेंडीचा गोंडा मॅलार्डच्या पाळीव वाणांत येतो आणि आपल्याकडच्या कुठल्याही जंगली बदकाच्या तुऱ्याशी त्याची गल्लत करण्याचं कारण नाही: तो टाळूच्या मागे बसवल्यासारखा गोल आणि बऱ्याचदा एका बाजूला कललेला असतो.

हळदीकुंकू आणि मॅलार्ड यांचा संकर

आता मुख्य मुद्दा. हळदीकुंकू आणि मॅलार्ड जवळच्या नात्यातले आहेत, त्यांचा संकर होतो आणि ती पिल्लं पुढे वीणही करतात. कोकणात हे घडायला जागा भरपूर आहे. हळदीकुंकू इथे बारमाही राहतं, पावसाळ्यात तळ्याकाठी आणि भातखाचरांच्या बांधांवर घरटी करतं, आणि त्याच तळ्यात वाडीतले पाळीव नर मोकळे हिंडत असतात. पाळीव नर बहुधा मादीच्या प्रजातीची फारशी पर्वा करत नाहीत.

संकर ओळखायचा तर आधी शुद्ध हळदीकुंकू अंगवळणी पडायला हवं. चोच काळी, टोक पिवळं, आणि काळं-पिवळं यांची सीमा सुरीने कापल्यासारखी सरळ. चोचीच्या मुळाशी कपाळाच्या दोन्ही बाजूंना लाल ठिपका, नरात मोठा. टाळू गडद, डोळ्यातून जाणारी गडद रेघ, गाल फिकट. अंगावरची पिसं गडद आणि कडा फिकट, त्यामुळे खवल्यांसारखी नक्षी. पाय भडक नारिंगी-लाल. शेपूट गडद. पंखावर हिरवा चमकता पट्टा, आणि महत्त्वाचं म्हणजे पाठीलगतच्या आतल्या पिसांची बाहेरची बाजू पांढरीशुभ्र. पाणी कापत जाणाऱ्या पक्ष्याच्या मागच्या भागात ही पांढरी पट्टी लांबूनही डोळ्यात भरते. नर-मादीत रंगाचा फरक जवळजवळ नसतो.

मॅलार्डच्या रक्ताच्या खुणा वेगळ्या. सगळ्यात भरवशाची खूण शेपटीवर: नराच्या शेपटीवरची मधली काळी पिसं वर वळून आकडा करतात. आपल्या भागातल्या दुसऱ्या कुठल्याही बदकात हा आकडा नसतो. रंग काहीही असो, पांढरा, काळा, चितकबरा, आकडा दिसला की नर मॅलार्डच्या वंशातला. संकरात आकडा अर्धवटही असतो, एखादंच पीस किंचित वर वळलेलं. म्हणून बाजूचा फोटो हवा. मात्र पिसगळीच्या काळात ही पिसं पडलेली असतात, तेव्हा आकडा नसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दुसरी खूण शेपटीच्या कडांची. मॅलार्डची शेपूट कडेने पांढुरकी, हळदीकुंकूची गडद. तिसरी, डोळ्यामागून मानेकडे जाणारी हिरवी चमक, जी संकरित नरात अनेकदा फक्त अर्धचंद्रासारखी उरते आणि गाल फिकटच राहतो. छातीवर तांबूस झाक आणि बाजूंवर बारीक राखाडी रेघोट्या असतील तर तेही मॅलार्डकडून आलेलं.

संकर म्हणायचा तर दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच पक्ष्यावर दाखवता आल्या पाहिजेत, ही अट सोडू नका. नुसती हिरवी चमक आणि पांढरी छाती असेल तर तो पाळीव मॅलार्ड आहे, हळदीकुंकूंच्या थव्यात रमलेला. थव्यात राहणं ही संगत झाली, वंशावळ नव्हे. पण त्याच पक्ष्याच्या आतल्या पिसांवर पांढरी, मळकट किंवा राखाडी पट्टी असेल, चोच बरीचशी काळसर आणि टोक स्पष्ट पिवळं असेल, पाय लालसर असतील, डोळ्याची रेघ ठळक असेल, तर संकर म्हणायला आधार मिळतो. संकरात चोचीची सीमा सहसा पुसट होते: काळा रंग पिवळ्यात ढगासारखा मिसळतो. लाल ठिपके बहुधा नसतात किंवा नारिंगी छटेपुरते उरतात.

तुमच्या पक्ष्याबद्दल म्हणूनच अडलंय. ‘टोक पिवळसर’ हे वर्णन दोन्हीकडे बसतं. पाळीव मॅलार्ड नराची चोच सरसकट हिरवट-पिवळी असते आणि वर काळे डाग असले की समोरून फक्त टोकच पिवळं दिसतं. समोरून काढलेल्या फोटोचा हाच तोटा.

इथे तीन चुका वारंवार होतात. लाल ठिपके नाहीत म्हणून हळदीकुंकूच्या पिल्लालाच संकर ठरवतात. पहिल्या काही महिन्यांत पिल्लांना ठिपके नसतातच आणि चोचही मळकट असते. दुसरी चूक याच्या उलट आणि जास्त महागाची. पूर्व आशियात हळदीकुंकूचं एक भाऊबंद आहे, ज्याला लाल ठिपके नसतात, गालावर चोचीपासून निघणारी जादा गडद रेघ असते, पंखावरचा पट्टा निळा असतो आणि आतल्या पिसांवर पांढरं कमी. आपल्याकडचा पाळीव-हळदीकुंकू संकर नेमका असाच दिसू शकतो. कोकणातून या पूर्वेकडच्या बदकाची नोंद करण्याआधी शेपटीचा आकडा, शेपटीच्या पांढुरक्या कडा आणि पाळीव ठेवण या तीन गोष्टी नाहीत, हे फोटोने दाखवता यायला हवं.

तिसरी चूक पंखावरच्या पट्ट्याच्या रंगाची. हा रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या बारीक रचनेवर प्रकाश पडून तो उमटतो, म्हणून कोन बदलला की निळ्याचा जांभळा, हिरव्याचा निळा, सावलीत सरळ काळा दिसतो. एका फोटोतल्या निळ्या पट्ट्यावर निकाल देणं म्हणजे नशिबावर हवाला. सलग पाच-सहा फोटोंत पट्टा एकाच रंगाचा राहतोय का, ते पाहा. मॅलार्डच्या डोक्याचंही तेच. हिरवं डोकं तिरप्या उन्हात जांभळं दिसतं.

माद्यांबद्दल स्पष्टच सांगतो. संकरित मादी मैदानात खात्रीने ओळखणं बहुतेक वेळा जमत नाही. आकडा नाही, हिरवी चमक नाही, उरतात त्या फक्त चोच आणि आतली पिसं. तिथे ‘संभाव्य संकर’ लिहून थांबावं.

मस्कोव्ही, नकटा आणि खेचर

ॲपने नकटा का सुचवलं, ते समजण्यासारखं आहे: गडद चमकती पाठ, पांढरी छाती, मोठा आकार. पण नकट्याचं डोकं पांढरं असतं आणि त्यावर काळे शिंतोडे, चोच काळी, विणीच्या हंगामात नराच्या चोचीवर काळा उंचवटा. तुमच्या पक्ष्याचं डोकं गडद आहे, तिथेच नकटा बाद होतो.

नकट्याशी खरी गल्लत होते ती मस्कोव्हीची. रिसॉर्टच्या तळ्यांवर आणि वाड्यांत मस्कोव्ही बरंच असतं. त्याच्या चोचीभोवती आणि डोळ्याभोवती लाल, फोडफोड दिसणारी उघडी कातडी असते. नकट्यात लाल काही नाही. उडताना फरक आणखी सोपा. नकट्याचे पंख वरून पूर्ण गडद, मस्कोव्हीच्या पंखावर मोठा पांढरा चौकोन. मस्कोव्हीचा नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो आणि आवाज म्हणजे नुसता फुसफुसाट. झाडावर बसणं ही खूण इथे उपयोगाची नाही, दोन्ही बसतात.

मस्कोव्ही आणि पाळीव मॅलार्ड एकत्र ठेवले की त्यांचाही संकर होतो. ही पिल्लं खेचरासारखी वांझ असतात, त्यामुळे पुढची पिढी नाही, पण एकेकटा पक्षी वर्षानुवर्षं तळ्यावर राहतो आणि बघणाऱ्याला चक्रावून टाकतो. लांबट जड अंग, लांब रुंद शेपूट आणि तिच्यावर आकडा नाही, गडद हिरवट डोकं, बऱ्याचदा छातीवर पांढरा झबला, गुलाबी-राखाडी चोचीवर काळे डाग, पाय पिवळट आणि त्यावर गडद चट्टे. लाल कातडी एकतर नसते किंवा चोचीच्या मुळाशी किंचित. आवाज फारसा करत नाही. तुमच्या तळ्याजवळ कुणाकडे मस्कोव्ही असेल तर ही शक्यताही तपासा. शेपटीचा फोटो इथेही कामाला येईल.

खाजणातलं पांढरं

पांढऱ्या बदकाच्या बाबतीत आधी काणूक हे छोटं जंगली बदक बाजूला काढा. काणुकीचा नर लांबून पांढराच दिसतो, पण तो जेमतेम ३० सेंटिमीटरचा, गळ्यात काळी पट्टी, पाठ हिरवट काळी. आकार मोठा असेल तर चेहरा पाहा. लाल कातडी असेल तर पांढरं मस्कोव्ही. चोच आणि पाय नारिंगी, अंग जड, तर पेकिन. मान लांब आणि कपाळावर टेंगूळ असेल तर तो पाळीव चिनी हंस, बदक नव्हेच.

हे सगळं बाद झालं तरच जंगली पक्ष्यातल्या रंगदोषाकडे वळायचं. तिथे तत्त्व साधं आहे: रंग गेला तरी ठेवण, आवाज आणि वागणं जात नाही. पांढुरकी अडई ही अडईच राहते, सडपातळ मान, लांब पाय, उडताना शिट्टी. आणखी एक बारकावा असा की रंगदोषात सहसा मेलॅनिन, म्हणजे काळा-तपकिरी रंग देणारं द्रव्य, जातं, चोचीतले आणि पायांतले पिवळे-लाल रंग वेगळ्या द्रव्याचे असल्यामुळे बहुधा टिकतात. ल्युसिस्टिक (असा रंग गेलेल्या, पण गडद डोळ्यांच्या) हळदीकुंकूच्या चोचीचा काळा भाग गुलाबीसर होईल, पण पिवळं टोक आणि लाल ठिपके शोधले तर सापडावेत. डोळे गडद असतील तर ल्युसिझम. अल्बिनोचे डोळे गुलाबी असतात आणि नजर अधू असल्यामुळे तो फार काळ जगत नाही.

डागांचाही हिशोब धरा. जांभ्याच्या लाल गाळात लोह असतं आणि अशा पाण्यात चरणाऱ्या बदकांच्या पांढऱ्या पिसांवर गंजासारखा तांबूस रंग चढतो. तो नेहमी पाण्यात बुडणाऱ्या भागावर असतो: डोकं, मान, छाती, पोट. पाठ स्वच्छ. किनाऱ्याजवळ पावसाळ्यात डांबराचे गोळे येतात तेव्हा पोट काळं पडलेले पक्षी दिसतात; त्या काळ्याची कड वेडीवाकडी असते आणि पिसं चिकटलेली.

आणि हिवाळी पाहुण्यांचा उतरता पिसारा, म्हणजे विणीनंतरचा नरांचा फिका वेश. पाणजे-उरण किंवा ठाणे खाडीकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पोचणारे नर बरेचसे मादीसारखे दिसतात. भुवई बदकाचा नर तर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत त्याच वेशात असतो. थापट्याच्या नराच्या चेहऱ्यावर शरद ऋतूत चोचीमागे पांढुरकी चंद्रकोर येते आणि त्यावरून अमेरिकेतल्या बदकाच्या नोंदी सुचवल्या जातात. चोचीचं रुंद फावडं पाहिलं की विषय संपतो.

आता पुन्हा तळ्यावर जाल तेव्हा

वेळ साधा. अंड्यांसाठी पाळलेली बदकं सकाळी आठ-नऊपर्यंत खुराड्यात ठेवतात, कारण ती पहाटे अंडी घालतात आणि लवकर सोडली तर अंडी तळ्यात जातात. तेव्हा उजाडताना जा. हा पक्षी सकाळी साडेसहालाच थव्यात असेल तर तो निदान त्या रात्री कुणाच्या खुराड्यात नव्हता. संध्याकाळी पुन्हा पाहा: हळदीकुंकू अंधार पडताना भातखाचरांकडे चरायला उडतात. तो त्यांच्याबरोबर उठला तर मुक्त, वाडीच्या दिशेने चालत गेला तर मालक शोधा आणि सरळ विचारा. मालकाने ‘बाप आमचा, आई तळ्यातली’ असं सांगितलं तर त्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. खाडीकाठच्या खाजणात वेळ भरतीवर ठरवा. भरतीच्या आधी तासभर पोचलात तर पाणी चढेल तसे पक्षी बांधाच्या आत, जवळ येतात.

फोटो हवेत ते असे: बाजूने पूर्ण अंग, शेजारी एक हळदीकुंकू मापासाठी, चोचीचा जवळून, दोन्ही बाजूंनी, पाण्याबाहेर आल्यावर पाय, मागून शेपूट, आणि पंख झाडतानाचा. शेवटचा मिळवायचा तर आंघोळीची वाट पाहा. बदक चार-पाच वेळा डोकं बुडवून अंगावर पाणी घेतं, मग उभं होऊन पंख झाडतं. त्या क्षणी सलग फोटो घेतले की आतली पिसं, पट्टा आणि टोकाची पांढरी पिसं एका दमात मिळतात. पांढऱ्या पक्ष्यासाठी एक्स्पोजर एक पायरी कमी ठेवा, नाहीतर पिसांची नक्षी उडून जाते. काळ्यासाठी थोडं वाढवा. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात चोच आणि पायांचा रंग नोंदवू नका, राखाडीही नारिंगी दिसतं.

जवळ आणण्यासाठी पाव टाकू नका. पाळीव धावून येईल, जंगली उडून जाईल आणि थवा फुटेल. मेलेलं किंवा मान टाकून बसलेलं बदक हाताने उचलू नका, बर्ड फ्लूचा धोका असतो. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. आणि संकर वाटतो म्हणून पक्षी पकडायला जाऊ नका. हळदीकुंकू वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतं आणि थव्यात जाळं टाकलं तर अडकणार तेच. मालक सापडला तर विणीच्या महिन्यांत नर बांधून ठेवायला सांगणं हा सोपा उपाय आहे. न्यूझीलंडमध्ये बाहेरून आणून सोडलेल्या मॅलार्डने तिथल्या स्थानिक राखाडी बदकाशी इतका संकर केला की शुद्ध राखाडी बदक आता शोधावं लागतं. एका तळ्यावरच्या एका नराने तसं होत नसलं तरी नर वाढू न देणं हातातलं आहे.

नोंद ई-बर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) करणार असाल तर मॅलार्ड या साध्या नावाखाली टाकू नका. पाळीव प्रकारचं मॅलार्ड, पाळीव प्रकारचं मस्कोव्ही आणि मॅलार्ड-हळदीकुंकू संकर यांच्या स्वतंत्र नोंदी तिथे आहेत. नेहमीच्या यादीत दिसत नसतील तर शोधून जोडाव्या लागतात. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेतही पाळीव आकडा वेगळाच लिहा, हळदीकुंकूंच्या बेरजेत मिळवू नका. शेपटीचा आणि आतल्या पिसांचा फोटो मिळेपर्यंत तुमच्या पक्ष्याला मी पाळीव प्रकारचं मॅलार्ड म्हणेन आणि शेऱ्यात लिहीन: पांढरी छाती, डोक्यावर हिरवट झाक, हळदीकुंकूंच्या थव्यात, संकर नाकारलेला नाही.